घरी चौकशीला आलेला माणूस

पहिल्या दोन मुलाखतींत मी घाबरले नाही असं म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल. समोर पाण्याचा ग्लास होता, पण तो उचलायची हिंमत झाली नाही. तरी ती भीती आकड्यांची होती आणि आकडे मला येत होते. एका मोठ्या बँकेत गुंतवणूक विश्लेषकाची जागा होती. कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे आणि पैसा कुठे घालावा, कुठे नाही, ते सांगायचं. वैशाखऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावरून इतक्या लांब पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे आधी कोणाला विचारून जावं अशी सोय नव्हती.

तिसऱ्या आणि शेवटच्या मुलाखतीला तिघे बसले होते. मधल्या बाईंनी माझी फाइल उघडून एक कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"आमचा माणूस तुमच्या गावी जाऊन आला, पत्त्याची खात्री करायला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "या नावाची मुलगी इथे राहत नाही, असं चार जणांनी सांगितलं. तुम्ही दिलेल्या घरात एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, मला मुलगीच नाही."

शेजारचे गृहस्थ माझी मार्कलिस्ट उजेडासमोर धरून निरखायला लागले. पत्ता खोटा, तर मार्कही खोटे, असंच त्यांना वाटलं असणार. आईचा इतका राग आला! लोकांच्या शेतात राबून हिनं मला शिकवलं आणि ऐन वेळी मला जन्मच दिला नाही म्हणाली.

"कोण या बाई?"

"माझी आई," मी म्हणाले.

"मग त्या असं का म्हणाल्या?"

ताळेबंदावर काहीही विचारलं असतं तर चाललं असतं. याची तयारी कुठून करणार? खरं होतं ते सांगून टाकलं. मी आठ वर्षांची असताना खाकीतले दोघे कागद घेऊन दारात आले होते. बाबांचं नाव घेऊन, घरात आहे का, असं त्यांनी विचारलं. आईनं साधेपणानं हो म्हणून बाबांना हाक मारली. रानातून आणलेल्या लाकडाच्या मोळीपायी त्यांनी बाबांना नेलं. चौथ्या दिवशी बाबा परत आले, पण पुढे कितीतरी महिने ते धड बोलले नाहीत. तेव्हापासून पाड्यावर कोणी कागद घेऊन आला आणि एखाद्याचं नाव घेतलं, की त्या नावाचं माणूस तिथे नसतंच. हे कोणी सभा घेऊन ठरवलेलं नाही.

बाईंनी फाइल मिटली. "सोमवारी त्याला पुन्हा पाठवते. या वेळीही नाही म्हणाले, तर मला काही करता येणार नाही."

घरी येऊन मी आईवर ओरडलेच.

"आये, तो बँकेचा मानूस हाय. इचारलं तर फक्त हो म्हन."

"तुज्या बापाच्या टायमालापन मी होच म्हनली व्हती गो," ती म्हणाली.

सोमवारी तो आला. किरकोळ अंगाचा पोरगाच होता, उन्हात चालून घामाघूम झालेला. आई उठून त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"ही तुमची मुलगी का?"

आई त्याच्या हातातल्या कागदाकडेच बघत राहिली. त्यानं खिशातून पेन काढलं. हा बिचारा माझ्याच नोकरीसाठी आलाय हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी ते पेन बघून मी आईच्या आडोशाला सरकले. आईनं मागे हात घालून माझं मनगट घट्ट धरलं.

"आये, बोल ना."

"माजी हाय," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. "पन तिचं नाव लिवू नका, दादा. काय झालं आसंल तर माजं लिवा. मी येते तुमच्यासंगं."