परक्याचं नाव विचारू नये

मिससाहेबांचा खानसामा मी पळवला, तोही ईस्टरच्या आधीच्या पवित्र चाळीस दिवसांत, आणि निघण्यापूर्वी रीतसर प्रार्थना करून.

आम्ही कोल्हापुरात मिशनच्या आवारात राहायचो. बाबा मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. मी दूर डोंगरावरच्या इंग्रजी शाळेत वसतिगृहात वाढलेली. त्यामुळे वाचायचे इंग्रजी, मराठी शिकले ते बायबलातून, आणि बोलायचे कुणाशीच नाही. दूधवाला आला की मी दाराआड. अशा मुलीला पुण्याला जाऊन शिक्षिका व्हायचं होतं! त्यासाठी मिससाहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. ते नाही मिळालं, तर आत्याबाईंनी मिरजेच्या एका विधुर कंपाउंडरचं स्थळ तयारच ठेवलं होतं.

मिशनच्या या विलायती मिससाहेब बारा वर्षं मराठी बोलत होत्या, पण स्त्रीलिंग त्यांना अजून भेटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सलोमी, तू दाराच्या मागे उभा राहून शिकवणार काय?"

लेंट, म्हणजे ते चाळीस दिवस, लागायचा होता. प्रभूसाठी प्रत्येकानं काहीतरी सोडायचं. बाबांनी तपकीर सोडली (घरातल्या शिंका थांबल्या आणि आरडाओरडा सुरू झाला). आत्याबाईंनी चहा सोडला, म्हणजे आपला कप सोडला. आईच्या कपातला एक घोट चालायचा. आई म्हणाली, सोडणाऱ्यांचं जेवण मी करते, तेवढं पुरे. माझ्यासाठी मिससाहेबांनी ठरवलं की मी लाज सोडायची. रोज एका परक्या माणसाशी आपणहून बोलायचं, त्याचं काहीतरी भलं करायचं आणि संध्याकाळी बंगल्यावर येऊन सांगायचं. ते जमलं तर पत्र.

पहिल्या दिवशी रंकाळ्याच्या वाटेवर एक गाडीवान बैल सोडून बसला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, डोळे मिटले आणि वसतिगृहात पाठ केलेल्या शुद्ध मराठीत विचारलं, "आपण तृषार्त आहात काय?"

त्यानं बैलाकडे बघितलं. "न्हाय पोरी. खिल्लारी हाय त्यो."

मग त्यानं विचारलं, कुणाची गं तू? हेडमास्तरांची म्हटल्यावर तो उठूनच उभा राहिला. त्याचा पोरगा बाबांच्या हाताखाली शिकला होता. मला गाडीत बसवलं, गुळाची ढेप मांडीवर ठेवली आणि घरापर्यंत आणून सोडलं. मिससाहेबांनी हे सत्कृत्य धरलं नाही. म्हणाल्या, "हा दया तुझ्यावर झाला."

कोल्हापुरात परका माणूस मिळणं किती अवघड आहे, हे ज्याला शोधायचा असेल त्यालाच कळेल. तिसऱ्या प्रश्नाला ओळख निघते. एका म्हातारीचं बोचकं उचलायला गेले, तिनं ते पोटाशी आवळून आधी चौकशी केली, तर ती आमच्या कासारणीची जाऊ निघाली. महाराजांच्या पदरी उत्तरेकडचे पैलवान होते. त्यातला एक दगडावर बसून हाश्शहुश्श करत होता, त्याला मराठी येत नव्हती. हा तरी परका असेल, म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात तालमीतला त्याचा सोबती म्हणाला, "परका कुठला? आमचाच हाय की! चार वर्सं झाली." आणि तांब्यातलं पाणी त्यानंच पिऊन टाकलं.

महिना गेला. परके मिळाले एकूण तीन, त्यातला एक झोपलेला होता. मिससाहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, ईस्टरला दोन आठवडे उरले, आता एक दिवस जरी चुकला तरी पत्र नाही. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी मिरजेला कार्ड टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थना केली आणि छत्री घेऊन स्टेशनवर गेले. फलाटाच्या टोकाला एक ठेंगणा, गोल गृहस्थ पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. स्वच्छ पांढरा कोट आणि चेहऱ्यावर अथांग शांती. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "मिशनच्या काय?"

मी होय म्हटलं. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि माझ्यामागे चालायला लागला. एवढं सोपं असतं हे मला ठाऊकच नव्हतं! 'मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले.' बायबलातल्या या वचनाचा शब्द न् शब्द मी पाळला. ओसरीवर खाट टाकली, पाणी दिलं, जेवायला वाढलं.

आणि मग मला ती युक्ती सुचली. घरात परका बसलेला असताना रोज बाहेर कशाला जायचं? त्यालाच रोज एक भलं. फक्त तो परका राहायला हवा. नाव विचारलं, गाव विचारलं, की संपलं. तो ओळखीचा होणार. म्हणून मी त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही. (लाजाळू माणसाला असली तत्त्वं फार लवकर पटतात.)

घरात कुणीच विचारलं नाही. बाबांना वाटलं, आत्याबाईंच्या सासरचे कुणी. आत्याबाईंना वाटलं, मिरजेच्या कंपाउंडरचा मामा. कार्ड पोचायच्या आधीच गुपचूप मुलगी बघायला आलेला! त्यांनी मलाच वाढायला लावलं आणि आईच्या कानाशी लागल्या, "पावणं शांत हायत गं. घराणं चांगलं दिसतंय." आईला वाटलं, पानावर बसलाय म्हणजे जेवायचा असेल. बायबलातला दानियेल राजाची पक्वान्नं नाकारून डाळीवर राहिला. आमचा पाहुणा काही नाकारत नव्हता. फक्त एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन नम्रपणे म्हणाला, "अक्का, मीठ स्वल्प कमी घाला." पाहुणा असून चव काढतो, म्हणून आई दिवसभर धुमसत होती.

इकडे संध्याकाळी बंगल्यावर माझं कौतुक चाललं होतं. मिससाहेबांचे तेव्हा हाल होते. त्यांनी बेळगावहून नवा खानसामा मागवला होता, तो आलाच नव्हता. स्टेशनवर पाठवलेला माळी उशिरा पोचला आणि हात हलवत परतला. आता तोच माळी त्यांच्यासाठी अंडी उकडत होता. तेवढंच त्याला येत होतं, तेही रोज नाही. मी सांगायचे, आज परक्याला भरलं वांगं आणि भाकरी. मिससाहेब डोळे मिटून म्हणायच्या, "फार सुंदर, सलोमी. रस होता काय?"

असे अकरा दिवस गेले. ईस्टरच्या आदल्या दिवशी मिससाहेब स्वतः आमच्या घरी आल्या. चांगल्याच वाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बिशपसाहेब त्यांच्याकडे जेवायला यायचे होते आणि बंगल्यात अंड्यांखेरीज काही नव्हतं. आईनं येऊन रांधावं, अशी विनंती करायला त्या आल्या होत्या. ओसरीवर माझा परका दुपारचं जेवून पाय पसरून बसला होता. मिससाहेबांचा चेहरा उजळला. हाच तो धन्य पुरुष काय, म्हणून त्या पुढे झाल्या आणि आमच्या घरात अकरा दिवस कुणी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"तुझा नाव काय?"

तो ताडकन उठून उभा राहिला. "दानियेल, मॅडम. बेळगाव. खानसामा."

आई स्वयंपाकघरातून दारात आली आणि मागे चुलीवरचं दूध उतू गेलं.

मिससाहेबांनी हळू आवाजात विचारलं, मग इतके दिवस तू करत काय होतास? दानियेलनं निरागसपणे सांगितलं, मिशनची माणसं उपासात आहेत हे त्याला दिसतच होतं; मास्तर सारखे चिडलेले, आत्याबाई दुसऱ्याच्या कपातनं चहा पिणाऱ्या. "मला वाटलं, उपास सुटला की कामाला लावणार."

आत्याबाई खांबाला टेकल्या. "म्हंजी ह्ये कंपाउंडरचं मामा न्हवं?"

बाबांनी कोटाच्या खिशातून डबी काढली, तपकिरीची मोठी चिमूट ओढली आणि चाळीस दिवसांच्या शिंका एका दमात दिल्या. मग म्हणाले, शेजाऱ्याच्या दासाचा लोभ धरू नको, अशी दहावी आज्ञा आहे. आपल्या मुलीनं दया करून आज्ञा मोडली.

पत्र गेलं, असं मी धरून चालले. आत जाऊन रडायलाही बसले. पण बिशपसाहेबांनी ईस्टरला दोनदा वाढून घेतलं, आणि सोमवारी मिससाहेबांनी मला बोलावून पत्र हातात ठेवलं. त्यात लिहिलं होतं की ही मुलगी परक्यांशी फारच दयाळू आहे, तिला ताबडतोब घ्यावं. वर तोंडी म्हणाल्या, "लवकर जा, सलोमी. पुढच्या महिन्यात माझा नवा धोबी येणार."

पुण्याच्या स्टेशनावर उतरले आणि माझ्या ट्रंकेवर बसून राहिले, कुणीतरी काही न विचारता घेऊन जाईल म्हणून. चांगले दोन तास बसले. पुण्यात परकं राहायला काही कष्ट पडत नाहीत. शेवटी एका टांगेवाल्यानं विचारलं, बाई, कुठं जायचंय? चाळीस दिवसांची तालीम झालेली मी. पत्ता विसरले आणि तोंडून एकच वाक्य निघालं. "आपण तृषार्त आहात काय?"

"मी नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "घोडा आहे."

तेव्हा पुण्यात माझा तिसरा तास घोड्याला पाणी पाजण्यात गेला. नाव मी त्याचंही विचारलं नाही.