आधी कोणाकडे जायचं?

इतकी वर्षं झाली, पण वाशीतली ती फिर्याद मनातून जात नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एक तरुण शिक्षिका वडिलांना घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आली. इंटरनेटच्या एका सार्वजनिक फलकावर कोणीतरी तिचं नाव, घरचा आणि शाळेचा फोन नंबर टाकून घाणेरडा मजकूर लिहिला होता. कुठकुठून फोन येत होते. ते थांबेपर्यंत शाळेत येऊ नका, असं मुख्याध्यापिकेनं तिला बजावलं होतं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

बाईच्या अब्रूचा शब्दांनी अपमान केल्याचा, कलम ५०९ खाली गुन्हा नोंदवला. फलक परदेशातला, म्हणून मजकूर काढण्यासाठी वरिष्ठांमार्फत पत्र धाडलं. आमची पत्रं कशी फिरतात ते मला ठाऊक होतं. उत्तर येईपर्यंत पोरीची नोकरी गेलेली असणार. मी चिडलो आणि हद्दीतले सायबर कॅफे बंद करण्याची भाषा करू लागलो.

दोन दिवसांनी कोपरखैरणे गावातला एक कॅफेवाला स्वतःहून आला. तो मजकूर त्याला आपल्याच दुकानातल्या संगणकावर सापडला होता. गिऱ्हाइकांच्या नावांची वही त्यानं पुढे ठेवली. त्यात शिक्षिकेच्याच शाळेतल्या संगणक शिक्षकाचं नाव वारंवार होतं.

"दुकान बंद करू नका साहेब," तो म्हणाला. "आधी फलक चालवनाऱ्याला लिवून बघू."

धूळ नको म्हणून त्याच्याकडे पायताण बाहेर काढायचा नियम होता. मीही बूट काढून आत बसलो. त्यानं इंग्रजीत चार ओळी पाठवल्या. तासाभरात मजकूर गेला! सरकारी शिक्का नाही, सही नाही. मी विचारलं, त्या फलकवाल्याला मजकूर काढायचा अधिकार दिला कोणी?

"कोनी नाय. अंगन त्याचं हाय, तोच झाडतो."

लिहिणाऱ्याचा माग मात्र फलकवाल्यानं दिला नाही. तसा त्यांचा नियम म्हणे. म्हणजे पुढचं काम आमचं.

संध्याकाळी संगणक शिक्षकाला बोलावलं. असला मजकूर आपण कधी पाहिलाच नाही, असं तो ठामपणे सांगत राहिला. मी आवाज चढवला नाही, चहा मागवला. मग सहज म्हणालो, बरं झालं, तो काढून टाकलाय.

"कधी? सकाळी तर होता."

बोलून गेला आणि कपाकडे बघत बसला. आपली करणी जागेवर आहे ना, हे पाहायला असा माणूस परत जातोच. शिक्षिकेनं त्याच्याशी लग्नाला नकार दिला होता, एवढंच कारण. वहीतल्या वेळा आणि संगणकात राहिलेल्या खुणा पुराव्याला जोडल्या.

इंटरनेटवर सरकारचा दंडुका हवा, की इंटरनेटवाल्यांनी आपलं आपण बघावं, यावर हल्ली चढ्या आवाजात वाद चालतात. मला एवढंच कळलं, की झाडणाऱ्याला गुन्हेगार धरता आला नाही आणि मला झाडता आलं नाही.

शाळेत पुन्हा रुजू झाल्यावर शिक्षिका ठाण्यात येऊन गेली. जाताना तिनं विचारलं, "परत कोणी लिहिलं तर आधी कोणाकडे जायचं? तुमच्याकडे की फलकवाल्यांकडे?"

"आधी त्यांच्याकडे," मी म्हणालो.

गणवेशात असताना फिर्यादीला आधी दुसऱ्याचं दार दाखवण्याची ती माझी पहिलीच वेळ. मान खाली गेली, पण तिला खोटं सांगणं मला जमलं नाही.