विठोबा तारी यांची बुडालेली आगगाडी

दिनांक ११ नोव्हेंबर २००६, शनिवार, दुपार. स्थळ मालवण, दांडी. कॉम्प्युटरवरील रेल्वेचा खेळ, आवृत्ती तिसरी. कणकवलीहून सुटलेली सावंतवाडी पॅसेंजर नदीच्या पुलावर आली आणि रुळांमधून सरळ पाण्यात गेली. पूल जागेवर, रूळ जागेवर, गाडी तेवढी नाहीशी. पाठोपाठ पडदा काळा झाला व प्रोग्रॅम बंद पडला. चालक : श्री. विठोबा तारी.

हा खेळ करणाऱ्या परदेशी कंपनीला लवू तारी मास्तरांनी जी तक्रार धाडली, तिचा हा वर दिलेला मराठी मसुदा. मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवीत. मालवणात रेल्वे नाही. गाडी पाहायची तर एस.टी.ने कुडाळ गाठावे लागते. त्यामुळे घरी कॉम्प्युटरवर गाड्या हाकणाऱ्या या मास्तरांना दांडीवर कोणी सोडले नाही. "सरकाराक जमला नाय ता आमच्या मास्तरान केल्यान. मालवणात रेल्वे हाडल्यान, ती पण माजघरात!"

हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती गाडी मास्तर हाकीत नसत, त्यांचे वडील हाकीत.

विठोबांनी उभा जन्म दर्यात काढला. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हा होडी पुतण्याकडे गेली आणि म्हातारा पडवीत भिंतीला टेकला. जेवण दुसऱ्याच्या हाताने, आंघोळ दुसऱ्याच्या हाताने. एके दिवशी मास्तर खेळाची पहिली आवृत्ती चाचपत असता विठोबांचा डावा हात आपसूक पुढे आला आणि त्याने भोंग्याची कळ दाबली. भोंगा लांबवर वाजला व कॉम्प्युटर जागीच गोठला. पहिल्या आवृत्तीत भोंगा जरा जास्त वाजवला की असेच होई. मास्तर चरफडले, म्हातारा मात्र आजारपणानंतर प्रथमच हसला.

दुसरी आवृत्ती आली ती मात्र सोन्यासारखी. तिच्यात आपला मार्ग आपण रचता येई. मास्तरांनी सुट्ट्या, रविवार, तब्येत सारे पणाला लावून कणकवली ते सावंतवाडी हा पट्टा उभा केला. दोष तिच्यातही होता. झाराप सोडले की शेवटचा डबा रुळांवरून वीतभर उचलला जाई आणि तसाच तरंगत सावंतवाडीस पोचे.

"बाबानू, मागचो डबो उडता," मास्तर ओशाळून म्हणत.

"उडांदे रे. लाटेर होडयेचो मागचो भाग उचालताच. गाडी पोचता मां?"

गाडी पोचत असे. चार वर्षे रोज दुपारी ती पोचली. ब्रेक लावण्यास विठोबा 'नांगर टाकणे' म्हणत, सिग्नलला 'दीपस्तंभ'. डाव्या हाताने ते कळा चालवीत, आणि तेवढा वेळ त्यांना कोणाचीही गरज लागत नसे. ज्या घरात माणूस कुशीवर वळवायलाही दोघे लागतात, त्या घरालाच या वाक्याचे मोल कळेल.

आणि मग तिसरी आवृत्ती निघाली. जाहिरातीत गवताची पाती हलत होती, काचेवर पावसाचे थेंब ओघळत होते. डबा उडण्याचा दोष दूर केल्याचेही स्पष्ट छापले होते. मास्तर भुलले. पण त्यांच्या आई, सत्यवतीबाय, आडव्या आल्या. नवे जाळे असो की नवे इंजिन, कौल घेतल्याशिवाय तारींच्या घरातले काही पाण्यात उतरले नव्हते. "त्येंची गाडी म्हणजे त्येंची होडीच. देवीक इचारल्याबिगर नवी खंय घालतंस?"

शिकलेला मुलगा आईपुढे हरला. सातेरीच्या देवळात बाळा गुरवाने गाऱ्हाणे घातले. "बा देवी म्हाराजा! ह्या तारीच्या घराक जी नवी आगगाडी येवक लागली आसा, ती बिनविघ्न चालांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी साथ दिली.

पाषाणावर चिकटवलेली फुलाची कळी उजवीकडे पडली. देवीने होकार दिला. त्याच संध्याकाळी मास्तरांनी नवी आवृत्ती घातली, आणि तिने आत शिरताच, एका शब्दाने न विचारता, जुनी पुसून टाकली. मास्तरांनी मनाला लावून घेतले नाही. जुनीची सीडी कपाटात होतीच.

शनिवारी गाडी बुडाली. विठोबांनी कळेवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. ज्या माणसाने वादळातसुद्धा होडी गमावली नव्हती, तो पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बुडाली. माझ्या हातान बुडाली. पुन्हा माका बसव नको."

मास्तर कपाटाकडे धावले. सीडी नव्हती. ती मागील दारी सापडली, वाळत घातलेल्या बांगडा माशांवर, काथ्याला टांगलेली. कावळे तिच्या चकाकीला भितात.

"आवशी, ह्या काय केलंस?"

"देवीन कौल दिल्यान मां नव्याक? मग जुन्याचा काय लोणचा घालूचा?"

सुनेने, रूपालीने, नेमके बोट ठेवले. "कौल नव्याक दिलेलो. जुना काढूक होया काय, ह्या देवीक इचारला कोणी?"

कोणीही विचारले नव्हते. गाऱ्हाणे अर्धेच घातले होते. पण आईला बोल लावायचा कोणत्या तोंडाने? जुने न विचारता काढून टाकण्याची चूक कंपनीने पहिल्यांदा केली, सत्यवतीबायने नंतर. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने सीडीचा चकाकता थर पापुद्र्यांसारखा सुटला होता. रचलेला मार्ग दुसऱ्या सीडीवर सुखरूप होता, पण तो नीट चालणार फक्त दुसऱ्या आवृत्तीत. म्हणजे रूळ आहेत आणि गाडी नाही.

तक्रारीवर कंपनीने दुरुस्ती धाडली. गाडी पूल ओलांडू लागली. मात्र फलाटावरची माणसे कमरेपर्यंत जमिनीत रुतली आणि सिंधुदुर्ग स्थानकाचा सिग्नल कायमचा लाल झाला. दुसऱ्या दुरुस्तीने सिग्नल हिरवा केला, पण भोंगा मुका झाला आणि पूल पुन्हा गाडी गिळू लागला. तिसऱ्या तक्रारीस उत्तर आले की, स्वतः रचलेल्या जुन्या मार्गांची जबाबदारी कंपनी घेत नाही. ग्राहकाने चौथ्या आवृत्तीची वाट पाहावी. कुडाळच्या दुकानदाराने हात झटकले. "मास्तर, जुना आता येणा नाय. नव्यात गवत बघा कसा हलता!"

गवत हलते, हे खरे. हलत नाही तो विठोबांचा डावा हात. मध्यंतरी मास्तरांनी गाडी पुलाच्या पलीकडे उभी करून त्यांना खुर्चीत बसवले. म्हाताऱ्याने तोंड फिरवले. हल्ली त्या हाताने तो पाण्याचा पेलाही धरीत नाही; उजव्यासारखाच तोही दुसऱ्यांच्या स्वाधीन केला आहे. डॉक्टर म्हणतात, न वापरलेला हात फार दिवस आपला राहत नाही.

वाचकहो, सहानुभूती नको आहे. या खेळाची दुसरी आवृत्ती तुमच्यापैकी कोणाच्या तरी खणात, पोटमाळ्यावर किंवा माशांवर टांगलेली असेल. ती उतरवा, पुसा आणि लवू तारी, दांडी, मालवण या पत्त्यावर पाठवा. चरे पडलेली असली तरी पाठवा. या आठवड्यात पाठवा.