चोरांचे सोयरे

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करायला जात नाही. जिथं माणसांना नुसतं बसून राहावं लागतं तिथं ते आपोआप साचतात. दवाखान्याचा व्हरांडा, एस.टी. स्टँड आणि तुरुंगाचं फाटक. पहिल्या दोन ठिकाणी मी गरजेपुरता बसलो, तिसऱ्या ठिकाणी मात्र अकरा वर्षं बसलो, तेही गुन्हा न करता. आता मंडळी जमली की म्हणतात, "गुरुजी, सांगा की तुरुंगातलं एखादं." मी म्हणतो, बाबांनो, आतलं मला काही माहीत नाही. मला फाटकाबाहेरचं माहीत आहे. आणि खरं विचाराल तर बाहेरचं जास्त वाईट होतं.

आम्ही तिघं होतो. मी प्राथमिक शाळेत मास्तर. दुसरे मुन्शीजी, एका वकिलाकडचे म्हातारे कारकून. निजामाच्या राज्यात उर्दू अर्ज लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. विलीनीकरणानंतर कचेरीची भाषा बदलली तेव्हा साठीतला हा माणूस पाटी घेऊन माझ्याकडं बाराखडी गिरवायला आला. "क्या करना गुरुजी, हुकूमत बदली तो हुरूफ भी बदले," म्हणाले. हुरूफ म्हणजे अक्षरं. आणि तिसरी अनसूयाअक्का, तुळजापूरच्या पुजाऱ्याघरची लेक, विधवा, फाटकासमोरच्या गल्लीत एकटीच राहायची.

रविवारी मुलाखतीचा दिवस. भूम-परंड्याकडून, पार लोहाऱ्याकडून माणसं यायची. कुठला कागद लागतो, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुणाला काही ठाऊक नसायचं. फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली बसून मी पत्रं लिहायचो, मुन्शीजी अर्ज लिहायचे, अक्का पाणी आणि भाकरी बघायची आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्यांना दटावायची. गावानं आमचं नाव ठेवलं 'चोरांचे सोयरे'. मला राग यायचा. अक्का म्हणायची, "अहो, नाव ठेवायला तरी लोकांना आपण लागतो. बसा लिहीत."

या सोयरेपणातच ठकूबाई भेटली. भूमच्या पलीकडच्या वाडीची म्हातारी, काटकुळी, तोंडानं फटकळ. तिचा एकुलता एक मुलगा मारुती. बांधाच्या भांडणात त्यानं काठी चालवली, समोरचा माणूस दगावला, सात वर्षं लागली. म्हातारी दर महिन्याला यायची. मुलाखतीच्या खोलीत मधे बारीक जाळी होती. बाहेर आली की लिंबाला टेकून सांगायची, "मागल्या म्हैन्यात डोळा दिसला. आज निस्तं नाक. सबंध तोंड काय दिसंना, गुरुजी. येकदा पोराचं सबंध तोंड बघायचंय, माझ्या घरात, चुलीम्होरं. मग न्हेऊ दे देवाला."

एवढंच तिचं मागणं होतं. बघू, करू, असं आम्ही तिला म्हणत राहिलो.

*

खिडकीवर एकदा नवा शिपाई आला, कोकणातला. सोनारीची एक तरणी बाई नवऱ्याला भेटायला आलेली. शिपाई म्हणाला, "कैद्याचं नाव?" बाई गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शिपायानं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्या गावच्या देवाचं हाय बगा."

"कुठला देव?"

"त्यो काशीतबी हाय."

आता आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की सोनारी म्हणजे काळभैरव आणि नवऱ्याचं नाव भैरू. पण कोकणातल्या माणसाला काशीचा देव म्हणजे विश्वनाथ. आणि आत एक विश्वनाथ होता! त्याला आणून जाळीमागं उभा केला.

बाई पदर ओढून म्हणाली, "दादा, चुकलंय. म्या तुमच्याकडं न्हाई आले."

तो म्हणाला, "म्हाईत हाय, बाई. चार वर्सं झाली, मला कुनी आलेलं न्हाई. पर आता धा मिंटं घावल्यात. बोला की कायबी. पाऊस हाय का तिकडं?"

ती दहा मिनिटं पावसाचं बोलली, गाय व्याली त्याचं बोलली. तिची त्या दिवसाची मुलाखत त्यातच संपली. बाहेर येऊन रडायला लागली. आम्हाला वाटलं, नवरा भेटला नाही म्हणून. तर म्हणाली, "त्याला कुनीच न्हाई ओ." पुढच्या खेपेला तिनं दोन फडक्यांत भाकरी आणल्या.

त्यानंतर अक्कानं लिंबाखाली शाळाच उघडली. "म्हण, भैरू. मोठ्यानं म्हण. पाप लागलं तर माझ्या माथी." बाया तोंडात पदर कोंबून हसायच्या आणि नवऱ्याची नावं घ्यायच्या. ठकूबाई बाजूला बसून म्हणायची, "माझं बरं हाय. पोराचं नाव घ्यायला कुनाची चोरी?"

*

मी पत्रं फार सुरेख लिहितो असा माझा समज होता. सास्तूरकडची एक बाई नवऱ्याला पत्र सांगायला बसली की शिव्यांनीच सुरुवात करायची. मी मास्तर माणूस. शिव्या गाळून मी लिहिलं, 'आपली आठवण पदोपदी येते, प्रकृतीची काळजी घ्यावी.' तिला वाचून दाखवलं नाही, हे कबूल करतो.

आठ दिवसांनी नवऱ्याचं उलट कार्ड आलं. आत कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'गुरुजी, हे पत्र दुसऱ्या कुणाच्या बायकोचं आहे. माझी असं बोलत नाही. तिला बरं नाही का? का घर सोडून गेली? खरं काय ते कळवा, मला झोप लागत नाही.'

अक्कानं मला असा झाडला की विचारू नका. पुढच्या रविवारी ती शेजारी बसली आणि बाई बोलेल ते अक्षर न् अक्षर माझ्याकडून लिहवून घेतलं. "मुडद्या, चार लेकरं माझ्या उरावर टाकून तू तिथं आयतं गिळत बसलास," इथपासून सुरू.

आत पत्रं तपासायचे. त्यांनी शिव्यांवर काळी शाई फिरवली. पोहोचलं तेव्हा त्यात नजरेतून सुटलेलं 'मुडद्या' आणि शेवटचं 'ताप उतरला का' एवढंच वाचता येत होतं. त्याचं उत्तर आलं, 'पत्र पोचलं. निम्मं काळं आहे. जीव भांड्यात पडला.'

*

मग पॅरोलची बातमी आली. कैद्याला घरी जायची रजा मिळते म्हणे. बायांनी त्याचं 'पेरूल' केलं. दिवस मृगाचे, जो तो आभाळाकडं बघतोय. माझं इंग्रजी यथातथाच. मी आपला अर्थ लावला, पेरूल म्हणजे पेरणीची रजा. सरकारला शेतकऱ्याची अडचण कळली म्हणून मला भरून आलं. मी आणि मुन्शीजींनी एका आठवड्यात नऊ अर्ज ठोकले, 'जमिनीला वापसा आला आहे, तरी पेरणीकरिता सोडावे.'

तुरुंगाच्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. भला माणूस होता, हसू दाबून म्हणाला, "गुरुजी, पॅरोल म्हणजे वचन. परत येतो असा शब्द देऊन जायचं. आणि त्याला कारण लागतं. घरात लग्न, मयत, नाहीतर कुणीतरी मरणाला टेकलेलं."

मुन्शीजी म्हणाले, "साहब, शब्द तो इनके पास है. मरनेवाला कहाँ से लाना?"

लिंबाखाली येऊन मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. माना खाली गेल्या. ठकूबाई तेवढी विचार करत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, मरनाला टेकलेलं म्हंजे किती टेकलेलं?"

मी तिच्यावर ओरडलो.

*

पुढच्या वर्षी दोन महिने ठकूबाई आली नाही. मी भूमची गाडी धरून वाडीवर गेलो. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पाय सुजलेले, धाप लागलेली. शेजारची सून सकाळ-संध्याकाळ पेज पाजून जायची. मला बघून तिचं तोंड फुललं. "आता टेकले व्हय म्या? लिव्हा अर्ज."

तालुक्याच्या डॉक्टरानं दाखला दिला. मुन्शीजींनी आपल्या नव्या मराठी अक्षरात अर्ज लिहिला, एक काना चुकला नाही. महिनाभरानं चौकशीला जमादार वाडीवर गेला. आणि त्याचा रिपोर्ट आला तो असा, 'अर्जदाराची आई स्वतः उठून चूल पेटवते व चहा करून देते. सबब आजार गंभीर दिसत नाही.' अर्ज नामंजूर.

मी तणतणत वाडीवर गेलो. "अहो, मरणाला टेकलेल्या माणसानं चहा करायचा असतो का?"

म्हातारी एवढीशी झाली. "दारात उबा व्हता ओ. उनातनं आल्ता. तोंड वाळलं व्हतं त्याचं." भिंत धरधरून ती चुलीपर्यंत गेली होती आणि नंतर दोन दिवस तिला उठता आलं नव्हतं, हे शेजारच्या सुनेनं सांगितलं. ते रिपोर्टात कुठं येणार?

अक्काला सांगितलं तर ती उलट माझ्यावरच उखडली. "दारी आलेल्याला पाणीसुद्धा विचारू नये, असं शिकवता का तुम्ही शाळेत?" पण दुसरा अर्ज केला तेव्हा मी मनाशी ठरवलं, या खेपेला म्हातारीला पास करायचंच. आपण मास्तर आहोत, एवढं तर जमलं पाहिजे.

मग मी आणि मुन्शीजी तिची तयारी घ्यायला गेलो. मी तिला सांगितलं, "बुटांचा आवाज आला की डोळे मिटायचे. उठायचं नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे, डोळे उघडायचे नाहीत." ती हो म्हणाली. आम्ही बाहेर गेलो. मुन्शीजींनी वकिलाचे जुने बूट आणले होते, ते मी घातले, टाचा आपटत आत आलो आणि आवाज बदलून म्हणालो, "आई, म्या आलोय. मारुती."

म्हातारीनं खाडकन डोळे उघडले. मला बघितलं आणि तिचं तोंड असं झालं की मुन्शीजी पाठ फिरवून अंगणात गेले.

मला त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण मी रागावलो. म्हणालो, "ठकूबाई, नापास. साहेबलोक मुद्दाम फसवतात. मारुतीचा आवाज काढतील, आणखी कुणाचा काढतील. मी जरी येऊन सांगितलं तरी उघडायचे नाहीत. पोरगं पाहिजे ना घरी?" तीनदा परीक्षा घेतली. तिसऱ्यांदा ती हलली नाही. शाबास म्हणून मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. तिनं हळूच विचारलं, "आता येईल न्हवं?"

जमादार आला, बघून गेला. म्हातारी हूं की चूं करत नव्हती. रिपोर्ट चांगला लागला. एक दिवसाची रजा मिळाली, शिपायाबरोबर जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं.

मी त्यांच्याबरोबर गेलो. गाडीत मारुती खिडकीतून बाहेर बघत होता. भूम जवळ आलं तेव्हा म्हणाला, "गुरुजी, मला बगून रडंल का वो ती?"

"आधी बघू तर दे तिला," मी म्हणालो. मीच हसत होतो, आनंदानं.

आधी निरोप धाडायला सवड मिळाली नव्हती, तसेच वाडीवर पोहोचलो. शेजारची सून दारातच भेटली. म्हणाली, चार दिवसांपासून अन्नावर वासना नाही, पण सकाळपासून डोळे दाराकडं लावून पडली आहे. शिपाई पुढं होता. त्याचे बूट उंबऱ्यावर वाजले आणि आत म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

मारुती तिच्या उशाशी कोसळला. तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आई, म्या आलोय. मारुती. बग की गं माझ्याकडं." शिपायानं टोपी काढली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. म्हातारी हलली नाही. पापण्या तेवढ्या थरथरत होत्या, इतक्या घट्ट आवळल्या होत्या. मारुती हाका मारत राहिला. मी खाली बसलो. तिचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "ठकूबाई, परीक्षा संपली. तुम्ही पास झालात. हा खराच मारुती आहे हो, डोळे उघडा."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं.

"आवाज तर हुबेहूब काढलाय, गुरुजी," ती म्हणाली. "पर ह्या बारीला म्या न्हाई फसायची."