पदवीच्या रकान्यात 'होय'

आठ-नऊ वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच जण लोकांना सिटिझनशिपचे फॉर्म भरायला मदत करायचो. आमच्यात वकील कोणी नव्हतं. प्रश्न वाचून दाखवायचा, अवघड शब्द सोपा करून सांगायचा, उत्तर मात्र समोरच्याचंच लिहायचं, आणि कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, अशी आम्हाला ताकीद होती.

माझा स्वतःचा फॉर्म मात्र तीन वर्षं तसाच पडून होता. नवरा सिटिझन झाला होता, मुलगी इथेच जन्मलेली. घरात मी एकटीच नागपूरहून आणलेल्या पासपोर्टाची. एअरपोर्टवर ती दोघं एका रांगेत जायची आणि मी दुसरीत. दर रविवारी लॅपटॉप उघडायचे, दोन पानं भरायचे आणि उठून कपड्यांच्या घड्या करायला लागायचे. नवरा म्हणायचा, आता जग कसं चाललंय बघतेस ना, उशीर करू नकोस. मला ते पटायचं. तरी हात पुढे जायचा नाही.

अशातच एका शनिवारी एक आजोबा मुलीबरोबर माझ्या टेबलाशी आले. ऐंशी ओलांडलेले, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलगी पन्नाशीची, एका चिप कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बायको गेल्यावर सहा वर्षांपूर्वी ते तिच्याकडे येऊन राहिले होते. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी त्यांना काका म्हणू लागले, ते मला ताई.

मी विचारलं, या वयात सिटिझनशिप कशाला हवी. मला वाटलं मेडिकलचं किंवा प्रवासाचं काही कारण असेल. ते म्हणाले, मतदानासाठी. देशातली पहिली निवडणूक झाली तेव्हा त्यांचं वय बसत नव्हतं, त्यानंतरची एकही त्यांनी चुकवली नव्हती. इथे आल्यापासून सहा वर्षं मत दिलेलं नाही.

"जिथे राहतो तिथे मत नाही, म्हणजे मी पुन्हा रयत झालो," ते म्हणाले. "आणि रयत काय असते, ते मी वरच्या बाजूने पाहिलंय."

'वरच्या बाजूने' म्हणजे काय, ते फॉर्मच्या शेवटच्या पानांवर कळलं. तिथे एक प्रश्न असतो, जो मी तोवर शंभर लोकांना वाचून दाखवला असेल आणि शंभर लोक हसले असतील: तुमच्याकडे कुठल्याही परदेशातली वंशपरंपरागत पदवी किंवा सरदारकी आहे का, किंवा कधी होती का? मी सवयीने 'नाही'वर टिचकी मारणार, तेवढ्यात काका म्हणाले, "होय."

मुलगी लगेच म्हणाली, "आबा, प्लीज. ती पदवी आता कुठेच नाहीये. सरकारने तनखे बंद केले तेव्हाच सगळं संपलं. 'नो' लिहिलं तरी ते खरंच आहे."

"'कधी होती का' असं विचारलंय," ते म्हणाले. "होती. मी युवराज होतो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. सल्ला द्यायला मला मनाई होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची गोष्ट ऐकायची होती. मुलगी कॉफी आणायला गेली आणि पुढचे तीन शनिवार तो फॉर्म आमच्या दोघांच्या मध्ये पडून राहिला.

त्यांच्या वडिलांचं दक्षिणेकडे एक लहानसं संस्थान होतं. एक गाव, त्याभोवती साठ-सत्तर खेडी, एक दवाखाना, दोन हायस्कुलं. वडील चांगले राजे होते, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे, जणू मी ते नाकारीन अशी त्यांना भीती होती. दुष्काळात वडिलांनी शेतसारा माफ केला होता. मुलींची शाळा काढली होती. "आणि तीच अडचण होती," ते म्हणाले. "राजा चांगला निघाला तर लोकांचं नशीब. माणसाने नशिबावर का जगावं?"

सोळाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती द्या अशी मागणी करणाऱ्या मोर्चात झेंडा धरला आणि वडिलांचीच वाट अडवून उभे राहिले. मोर्चात एक दगड त्यांनीही मारला. तो राजवाड्यातल्या बिलियर्डच्या खोलीच्या काचेला लागला. आता फॉर्मात प्रश्न होता, कुठलंही सरकार बळाने उलथवण्याचा पुरस्कार केला आहे का. त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, एक दगड बळात धरायचा का? मी सांगितलं, हे वकिलाला विचारा. मुलीने फोन करून विचारलेल्या वकिलाने नाही म्हटलं, तेव्हा ते जरा हिरमुसले.

पुढचा प्रश्न अटकेचा. त्यांना दोनदा अटक झाली होती. पहिली त्या मोर्चात, वडिलांच्याच पोलिसांनी केलेली. तीन दिवस चौकीच्या खोलीत बाकीच्या पोरांबरोबर ठेवलं. पोरांना भाकरी आणि चटणी, यांना राजवाड्यातून चांदीच्या ताटात जेवण.

"ताट परत पाठवलंत?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी पाठवलं." ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी खाल्लं. सगळ्यांसमोर. अजून कुणाला सांगितलेलं नाही."

दुसरी अटक आणीबाणीतली. तेव्हा ते गावात शाळा चालवत होते. एकोणीस महिने तुरुंगात काढले. ते म्हणायचे, पहिल्या तुरुंगात वाटलं होतं की राजा गेला की स्वातंत्र्य आलंच. दुसऱ्यात कळलं की निवडून आलेलाही दार बाहेरून लावू शकतो. स्वातंत्र्य एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही. हे बोलताना ते टेबलावरचा पेन सारखा सरळ करायचे, वाकडा करायचे, पुन्हा सरळ करायचे.

दुसऱ्या शनिवारी एक प्रसंग घडला. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त एसटी ड्रायव्हर मुलाबरोबर बसले होते. मुलाने बोलता बोलता काकांचं आडनाव ऐकलं आणि वडिलांना सांगितलं. ते गृहस्थ त्याच मुलखातले. ते उठले, लायब्ररीच्या गालिच्यावर कमरेत वाकले आणि त्यांनी तीन वेळा मुजरा केला. लहान मुलांच्या पुस्तकांपाशी बसलेली एक अमेरिकन बाई बघतच राहिली.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी उठून त्या गृहस्थांचे हात धरले आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. ड्रायव्हरकाका भारावून सांगत होते, घाटातल्या ज्या रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं गाडी चालवली, तो महाराजांनी बांधला.

"रस्ता तुमच्या आजोबांनी बांधला," काका म्हणाले. "वेठीला धरून आणलेल्या माणसांनी. माझ्या वडिलांनी फक्त हुकूम दिला."

ड्रायव्हरकाकांना ते आवडलं नाही. असं म्हणू नये, मोठ्या माणसांची पुण्याई असते, असं काहीतरी पुटपुटत ते आपल्या टेबलाकडे परतले. काका नंतर बराच वेळ अस्वस्थ होते. एखाद्याचा देव्हारा आपण त्याच्यासमोर हलवावा का, असं त्यांनी मला विचारलं.

मला स्वतःसाठी एकच गोष्ट विचारायची होती आणि ती मी तिसऱ्या शनिवारी विचारली. ज्या देशासाठी तुम्ही घराविरुद्ध गेलात, तो देश सोडताना काहीच वाटत नाही का?

त्यांनी संस्थानाच्या विलीनीकरणाचं सांगितलं. दिल्लीहून कागद आले, वडिलांनी सही केली, गावात पेढे वाटले गेले. यांनीही वाटले. पण पेढे वाटायच्या आधी त्यांनी चळवळीतल्या मित्रांना म्हटलं होतं की लोकांना एकदा विचारू या. मित्र म्हणाले, वेडा आहेस का, देश जोडायची घाई आहे. "त्यांचं बरोबर होतं," ते म्हणाले. "तेव्हा उशीर केला असता तर तुकडे पडले असते. देश एक झाला याचा मला आजही अभिमान आहे. पण माझ्या गावाला कुणी विचारलं नाही. राजाने लोकांना न विचारता राज्य केलं आणि न विचारताच ते देऊनही टाकलं." मग ते म्हणाले, आयुष्यात आपल्याला सगळं जन्माने मिळालं, गादीही आणि देशही. ही पहिली गोष्ट आहे जी कुणीतरी आपल्याला विचारून देतंय.

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. त्या रात्री मी नवऱ्याशी उगाच भांडले.

मुलाखतीत अधिकाऱ्याने पदवीचा रकाना पाहिला, आपल्या वरिष्ठांना बोलावलं आणि दोघांनी मिळून पदवी सोडण्याचा नियम शोधून काढला. शपथविधीला मीही गेले. शेकडो लोक, मोठं सभागृह. अधिकाऱ्याने काकांना आधी बाजूला बोलावलं आणि पदवी सोडल्याची शपथ स्वतंत्रपणे म्हणायला सांगितलं. त्यांनी पदवीचं पूर्ण नाव इंग्रजीत, खणखणीत उच्चारलं आणि ती सोडली. पोट भरल्यावर ताट सरकवावं तसं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या नाही. बाहेरच्या टेबलावर मतदार म्हणून नोंदणीचा कागद भरताना ते शीळ वाजवत होते.

तीन आठवड्यांनी भारतीय पासपोर्ट रद्द करायला पाठवायचा होता. मुलगी ऑफिसच्या कामाने परगावी, बेलव्ह्यूला गेली होती, म्हणून मी त्यांना पोस्टात नेलं. लिफाफा त्यांच्या मांडीवर होता. मी गाडी पार्क केली. ते उतरले नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारची गाडी गेली, दुसरी आली. त्यांनी लिफाफा उघडला, पासपोर्ट बाहेर काढला, सगळी पानं उलटली, परत ठेवला. पुन्हा काढला.

"ताई, गादी माझी नव्हतीच," ते म्हणाले. "ती सोडायला काय लागतं? हे माझं होतं."

मी म्हटलं, आज नको पाठवायला, पुढच्या आठवड्यात येऊ. त्यांनी मान हलवली, नाही. मग मला गाडीतच थांबायला सांगून ते एकटे आत गेले. परत आले ते पावती शर्टाच्या खिशात ठेवून. घरी पोचल्यावर उतरताना आभार मानायचे विसरले. त्यांच्यासारख्या रीतीच्या माणसाकडून ते मला जास्त लागलं.

त्या नोव्हेंबरात मतपत्रिका घरी आली होती, तरी त्यांनी केंद्रावर जाऊनच मत दिलं. शहराच्या बागांसाठी जादा कर लावावा की नाही, यावर बाप आणि लेक विरुद्ध बाजूंना होते. दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही, असं मुलीनेच मला फोनवर सांगितलं. आवाजात तक्रार कमी आणि दमल्यासारखं हसू जास्त होतं.

पुढच्या वर्षी ते गेले. मी माझा फॉर्म त्यानंतर सहा महिन्यांनी पाठवला. त्यांच्यामुळे पाठवला असं म्हणवत नाही. माझ्या मुलीला कॉलेजसाठी दूर जायचं होतं, प्रवास वाढणार होता, अशी साधीच कारणं होती. शपथेच्या दिवशी मी सगळ्यांबरोबर ओठ हलवले. सगळे शब्द मोठ्याने म्हटले की जुन्या देशाची निष्ठा सोडण्याचे काही गिळले, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.