खर्जाआधी आमेन नाही

आमच्या आत्याला चर्चमध्ये सगळे ऑर्गनवाल्या बाई म्हणत आणि तिच्या कुत्र्याला खर्ज. नाव तिनेच ठेवलं होतं. पिल्लू असतानाही तो घशातून असा जाड सूर काढायचा की शेजारचे लोक ढग आलेत का ते बघायला खिडकी उघडत. आत्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, "ताल कळणारा एकच पुरुष भेटला, पण त्याला माझा स्वभावही कळला." तो स्वभाव आम्ही घरच्यांनी पुरेपूर भोगलाय. पुढच्या खोलीत तिची पियानोची शिकवणी आणि मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक पलंग, एक शेगडी आणि जुन्या स्वेटरांचं खर्जाचं अंथरूण.

चर्चमधला ऑर्गन जुना होता. दोन्ही पायांनी सतत भाता हलवत राहायचं, पाय थांबले की सूर गेला. खर्ज बाकाखाली आत्याच्या पोटऱ्यांना खेटून बसायचा. प्रार्थनेला तो डोळे मिटायचा, उपदेशाला घोरायचा आणि त्यात तो एकटा नव्हता. पण शेवटचं गीत संपत आलं, आमेनच्या आधीचे जाड सूर घुमू लागले, की हा मान वर करून एक लांबलचक आवाज लावायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हाचे म्हातारे पाळक नुसते म्हणाले, "होऊ दे त्याचं." तेव्हापासून तोच रिवाज पडला. आत्या सूर धरून ठेवायची, आम्ही गायनमंडळवाले श्वास धरून उभे राहायचो, खर्जाचं झालं की मग सगळ्यांचं आमेन. नव्याने येणारे आधी हसायचे, मग तेही थांबायला शिकायचे.

तो खर्ज म्हातारा होऊन एका शुक्रवारी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. आम्ही त्याला मागच्या अंगणात पुरलं. मी धाय मोकलून रडले. आत्या रडली नाही, खड्डा वाकडा खणला म्हणून मला बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी नवे पाळक भेटायला आले. माणूस तरुण, सरळ, अभ्यासू. एक प्रश्न विचारला की चार ग्रंथ आठवणारा. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला न घेतला तोच आत्याने विचारलं, "पाळकसाहेब, खर्ज मला तिकडे भेटणार ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू शकत नाही. त्याबद्दल आपल्याला काही सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलेलं, मान्य. पण देव कसा आहे ते तर सांगितलंय? चिमणी पडली तरी ज्याला कळतं, तो माझं एवढं मोठं कुत्रं हरवून बसेल?"

"कळणं वेगळं, बाई, आणि स्वर्गात नेणं वेगळं."

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग तुम्हाला हे एवढ्यात नाही कळायचं," आत्या म्हणाली आणि त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली.

ते गेल्यावर ती कप विसळायला लागली. मी म्हटलं, "आत्या, मनावर घेऊ नकोस."

"खर्ज तिथे आहे. त्याची मला काळजी नाही," ती म्हणाली. "पण उद्या या पोराने सगळ्यांसमोर 'जनावर ते, मातीला मिळालं' असं काही म्हटलं, तर मी परत ऑर्गनला हात लावणार नाही. माझ्याच माणसांत बसून मला ते ऐकायचं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. आत्या एकदा नाही म्हणाली की नाहीच, आणि ऑर्गन सुटला असता तर तिच्याकडे उरलं काय असतं? दुसऱ्यांच्या पोरांची चुकणारी बोटं.

रविवारी उपदेश क्षमेवर झाला, कुत्र्याचा विषय निघाला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटचं गीतही नीट पार पडलं. आमेनच्या आधीचे जाड सूर घुमले आणि आम्ही सगळे थांबलो.

कुणी ठरवलं नव्हतं. सवयच ती. गायनमंडळ थांबलं, बाकांवरचे लोक थांबले आणि जिने हयातभर कुणाची अर्धी मात्रा चुकू दिली नाही ती आत्याही सूर धरून बसली. बाकाखालून काहीच आलं नाही. मग एकेकाच्या ध्यानात आलं. माझ्या पुढची बाई रुमाल शोधू लागली. आता आमेन म्हणावं तरी कसं? आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान ताठ होती आणि पाय भात्यावर चालूच होते.

सगळे पाळकांकडे बघू लागले. त्यांनी स्वतः आमेन म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, आणि आत्याचा ऑर्गनही. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी डोळे मिटले.

"देवा," ते म्हणाले, "आम्हाला फार थोडं ठाऊक आहे. पण खर्जाला तूच घडवलंस, आणि तो इथे आमच्याबरोबर तुझी स्तुती करत होता. त्याला विसरू नकोस."

त्या दिवशीसारखं आमेन आमच्या चर्चने कधी म्हटलं नव्हतं. माझा स्वर पार घसरला होता, आणि आत्या त्याबद्दल मला एका शब्दानेही बोलली नाही.

बाहेर पडताना पाळक दारात सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. आत्याने त्यांचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही.

"प्रार्थना चांगली होती," ती म्हणाली, "पण एक चुकलं तुमचं. 'विसरू नकोस' काय म्हणायचं देवाला? तो काय तुमच्या-माझ्यासारखा विसराळू आहे?"

"मग काय म्हणायला हवं होतं, बाई?"

"मी येईपर्यंत सांभाळ म्हणायचं."