मातीच्या भिंतींच्या गल्लीतली ती बाई

मी लॅब टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसेल तेवढंच मानायचं, अशी सवय लागलेली. भुताखेताच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी सरळ चहा टाकायला उठायचे... त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही कुवेतला, मंगफमध्ये राहतो. माझा नवरा समीर इंजिनियर. गेल्या वर्षी कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच सामुराईंची जुनी वस्ती बघायला गेला. घरं, गल्ल्या, सगळं जसंच्या तसं जपून ठेवलंय म्हणे तिथे. मला दाखवायला त्याने व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळ, तिकडे दुपार. शेजारच्या रुखसानाभाभी, मूळच्या दापोलीकडच्या, गरम घावणे घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघी खात खात बघत होतो.

मातीच्या उंच भिंती, वर कौलं, दगडी अरुंद वाट. मग एक लाकडी घर. समीर बूट काढून आत गेला. चटया अंथरलेली रिकामी खोली, पलीकडे बाग. कोपऱ्यात करड्या किमोनोतली एक बाई बसली होती.

"राखणदार असेल गो," भाभी हळूच म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

समीरने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. आणि त्या बाईसमोर गुडघे दुमडून बसला.

माझा घास हातातच राहिला. समीरचे गुडघे इतके खराब आहेत, की घरच्या सत्यनारायणालासुद्धा तो खुर्चीवर बसतो. आणि इथे पाठ ताठ, हात मांडीवर... अगदी जन्मभर तसंच बसत आल्यासारखा! मग तो खाली वाकला. कपाळ चटईला टेकेपर्यंत.

"समीर? अरे, काय करतोयस?"

बागेतलं पाणी मला ऐकू येत होतं, म्हणजे कॉल चालू होता. मी ओरडले, "समीर, माझ्याकडे बघ!" तो हलला नाही. भाभींनी माझा दंड घट्ट धरला आणि पुटपुटत कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागल्या.

माझ्या ओरडण्याने की काय — त्या बाईने मान वळवली. उठली, फोनजवळ आली, वाकली. थेट माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. आवाज नाही. मग बाजूने निघून गेली.

"हं, बोल," समीर फोन उचलत म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात. "बघितलीस ना बाग? मस्त आहे ना?"

"तू... बसला होतास?"

"छे! गुडघ्यांचं माहीत आहे ना तुला? उभाच होतो."

मी पुढे बोलणार, तर भाभींनी मानेनेच नाही म्हटलं. नंतर म्हणाल्या, "एकटे आहेत तिकडे. घाबरवू नकोस गो त्यांना." पटलं मला. तो परत आल्यावरही सांगणं लांबत गेलं. सुखरूप आलाय, तेच पुष्कळ होतं.

फक्त गप्प गप्प झाला होता. विचारलं, तर म्हणायचा, "दमलोय."

परवा आम्ही दोघं मंगफच्या किनाऱ्यावर फिरत होतो. मधेच थांबून त्याने विचारलं, "ती तुला काय म्हणाली?"

"कोण?"

"तीच गं. माझं ऐकून घेतल्यावर तुझ्याशी बोलायला वाकली ती."

मी त्याला बाईबद्दल अवाक्षरही सांगितलेलं नाही. त्याला तुम्ही सांगितलंत का, असं भाभींनाही नंतर विचारलं, त्यांनी शपथेवर नाही म्हटलं.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "तू काय सांगत होतास तिला?"

त्याचे डोळे भरून आले होते.

"तेच तर आठवत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुला विचारतोय."

कुणाकडे काही उत्तर असेल तर सांगा. माझ्याकडे नाही.